विरघळलेला टाक

माझ्या आईचा फोटो नाही. कधी काढलाच नव्हता. हिर्डोशीसारख्या आमच्या डोंगरातल्या गावात तेव्हा फोटो काढणारा माणूस यायचाच कशाला? ती गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते, आणि तिच्याविषयी ‘मला आठवतं’ म्हणून जे मी मोठ्या तोऱ्यात सांगत असे ते सगळं इकडून तिकडून ऐकलेलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. तिचं म्हणावं असं आमच्या घरात एकच होतं. तिचा टाक. आणि तो होता दुसऱ्या बाईच्या गळ्यात.

टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेली मूर्ती, अंगठ्याच्या नखाहून जराशी मोठी. देवांचे टाक देव्हाऱ्यात असतात. पण पहिली बायको वारली आणि नवऱ्यानं दुसरी केली, की पहिलीचा टाक करून दुसरीच्या गळ्यात बांधायचा, मंगळसूत्राच्या शेजारी. तोच सवतीचा टाक. कुंकू आधी टाकाला, मग स्वतःच्या कपाळाला. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. यात काही चुकलं तर मेलेली सवत कोपते, दुसरीची कूस भरू देत नाही, असं बायका खालच्या आवाजात सांगत. माझ्या वर्गात पुढं पस्तीस वर्षं ज्या मुली बसल्या त्यांना हे सांगितलं की त्या डोळे मोठे करून म्हणायच्या, ‘बाई, खरंच?’ खरंच गं बायांनो. माझ्या घरात होतं.

पुढं आम्ही भाटघरला राहत होतो. माझे वडील, मी त्यांना दादा म्हणायची, धरणावर पाण्याची पातळी वाचायला होते. सकाळी आणि संध्याकाळी पट्टीवरचा आकडा बघायचा आणि वर कळवायचा, एवढंच काम, पण ते इतकं मन लावून करायचे की घरात बोलायला त्यांच्याकडे काही उरायचंच नाही. धरणाच्या पायथ्याशी दोन खोल्या आणि मागं पडवी. भिंतीतून पाण्याचा एक घुमणारा आवाज सतत यायचा. पाहुणे आले की त्यांना झोप लागायची नाही. आम्हाला तो आवाज थांबला तरच जाग यायची. शेजार असा नव्हताच. पलीकडं दोन चौकीदार, दोघेही बायकापोरं गावाकडं ठेवून आलेले. मी नऊ वर्षांची असताना दादांनी वेल्ह्याकडची मुलगी करून आणली. ती असेल पंधरा-सोळाची. तिच्या गळ्यात पहिल्या दिवसापासून माझी आई होती.

मी तिला कशानंच हाक मारत नसे. ‘मावशी म्हण’ असं दादांनी एकदा सांगितलं, मी म्हटलं नाही. तिच्याशी बोलायचंच झालं तर मी भिंतीशी बोलल्यासारखं बोलायची, ‘पाणी संपलंय’, ‘मीठ कमी आहे’. तीही कमी नव्हती. ती उत्तर चुलीला द्यायची. ‘मीट कमी आसंल तर हाताला काय म्हेंदी लागलीय? घ्यावं की.’ सहा वर्षं आम्ही दोघी अशा चुलीच्या आणि भिंतीच्या मध्यस्थीनं राहिलो. बाकी तिच्या हाताला चव होती, हे तेव्हाही मनातल्या मनात कबूल होतं. नाचणीची भाकरी ती इतकी पातळ थापायची, वर करडईची भाजी आणि लसणाची फोडणी. मी पोटभर जेवायची आणि चांगलं झालंय असं चुकूनही म्हणायची नाही. आता वाटतं, काय गेलं असतं माझं म्हणायला?

तिला मूल झालं नव्हतं. सहा वर्षांत नाही. भोरच्या बाजारातल्या बायका तिच्या गळ्यातल्या टाकाकडं बघून मान हलवायच्या आणि ती पदर ओढून घ्यायची. टाकाला कुंकू लावण्यात तिनं एक दिवस चुकवला नाही. आधी मेणाचं बोट, मग कुंकवाचं. सहा वर्षांच्या त्या मेणाकुंकवानं टाकाचे सगळे खळगे भरून गेले होते. पदराचा काठ तेवढा ओळखू यायचा. चेहऱ्याच्या जागी नुसता लाल काळा गोळा. आणि माझ्या मनानं घेतलं होतं की त्याच्या खाली माझ्या आईचा चेहरा आहे. सोनारानं तो ठोकला तेव्हा आई कशी दिसते हे विचारूनच ठोकला असणार, नाही का? हे मी कुणाला विचारलं नव्हतं. विचारायची गरजच वाटली नाही.

शाळेला मी भोरला जायची. पायी, दीड-पावणेदोन तास. लांब वाटेचं मला काही वाटायचं नाही, वाट संपल्यावर जे होतं त्याचं वाटायचं. विज्ञानाच्या वर्गात मी एकटी मुलगी. माझ्यासाठी खिडकीशी एक वेगळा बाक टाकला होता, चार जणांचा, आणि त्यावर मी एका टोकाला बसायची. वर्गातली मुलं वाईट नव्हती, पण दोन वर्षांत एकानंही माझ्याशी वाक्य पुरं केलं नाही. पेन्सिल पडली तर पायानं माझ्याकडं ढकलायची. मधल्या सुट्टीत मी बाकावरच भाकरी खायची आणि शेवटी फडका फार सावकाश घडी करायची, तेवढाच वेळ जायचा. कुणी तरी आपल्याला नावानं हाक मारावी, एवढं मला वाटायचं.

नावानं हाक मारायचे ते एक आगाशे मास्तर. पुण्याहून नुकतेच आलेले, पंचविशीतले, खानावळीत जेवणारे, आणि माझ्यासारखेच एकटे. रसायन शिकवायचे. पुस्तकात नसलेलं सांगायचं असलं की आधी दार लोटून घ्यायचे. ‘हे परीक्षेला येणार नाही. पण ऐका, बिघडत नाही.’ एकदा असंच दार लोटून त्यांनी अणू सांगितला. ‘खळं पाहिलंय ना? मधे तिवडा रोवलेला. भोवती बैल फिरतात. तिवडा म्हणजे अणूचं केंद्र. त्यात प्रोटॉन. ते किती, त्यावर अणूचं नाव ठरतं. शेहेचाळीस नाही, अठ्ठेचाळीस नाही, सत्तेचाळीस असले तरच ती चांदी. आणि बाहेर फिरणारे बैल ते इलेक्ट्रॉन. फक्त हे खळं एवढं मोठं समजा की तिवडा इथं शाळेत आणि बैल पार भाटघरला.’ सगळी मुलं माझ्याकडं बघून हसली. ‘म्हणजे मधे काय आहे, सर?’ कुणी तरी विचारलं. ‘काही नाही,’ मास्तर म्हणाले. ‘मधे काहीच नाही.’ मला ती दीड तासाची वाट एकदम आठवली. इतकं मोकळं, आणि तरी त्याला वस्तू म्हणायचं.

मग त्यांनी आयसोटोप सांगितले. समस्थानिक हा शब्द आमच्या वेळी नव्हता, तो पुढं आला. एकाच मूलद्रव्याचे दोन अणू. प्रोटॉन तेवढेच, म्हणून नाव एक, तक्त्यातली जागा एक, वागणूकही एक. केंद्रात न्यूट्रॉन कमीजास्त, म्हणून वजन तेवढं निराळं. बाहेरून बघून कोण कुठला ते सांगता येत नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा वर्गात हात वर केला. ‘सर, मग पहिला गेला की दुसरा त्याच्या जागी बसतो?’ मास्तर जरा गोंधळले. ‘गेला म्हणजे? कुणी कुणाला उठवत नाही, इंदू. दोघं एकाच वेळी त्या जागी असतात. जागा दोघांना पुरते.’ मला ते अजिबात पटलं नाही. मी हात खाली घेतला आणि मनात म्हटलं, तुम्हाला काय ठाऊक.

त्याच आठवड्यात त्यांनी एक काळाठिक्कर पडलेला ढब्बू पैसा घेतला, एका बाटलीतला तेजाब पेल्यात ओतला, पैसा आत टाकून जरा कोमट केला आणि चिमट्यानं वर काढला. पैसा लखलखीत. त्यावरचं सगळं दिसायला लागलं, अक्षर न् अक्षर. मुलं ‘वा’ म्हणाली. मी म्हटलं नाही. माझ्या डोक्यात दुसरंच सुरू झालं होतं. नळ्या धुवायचं काम माझ्याकडंच असायचं, कारण मुलांना ते बाईमाणसाचं काम वाटे. त्या संध्याकाळी मी त्याच बाटलीतला तेजाब शाईच्या दौतीत भरून घेतला. मास्तरांनी त्यात आधी पाणी किती घातलं होतं ते मी बघितलंच नव्हतं.

महिन्याचे चार दिवस ती बाजूला बसायची. मागच्या पडवीत, घोंगडीवर. त्या दिवसांत टाक गळ्यात ठेवायचा नाही, मेलेल्या माणसाला विटाळ नको, असं तिच्या माहेरी होतं. म्हणून टाक देव्हाऱ्यात जायचा आणि पाचव्या दिवशी न्हाणं झालं की परत गळ्यात. ते चार दिवस स्वयंपाक माझ्याकडं. त्या वेळी पहिल्याच दिवशी रविवार होता, दादा धरणावर गेलेले. मी चूल पेटवली, टाक घेतला, एका लहान चिनी मातीच्या बरणीत ठेवला, वर तेजाब ओतला आणि बरणी चुलीच्या वैलावर ठेवली, कोमट व्हायला. मग भाकरी थापायला बसले. दोन भाकऱ्या होईपर्यंत मी आईला बघणार होते.

पहिली भाकरी तव्यावर असतानाच बरणीतून तांबूस धूर यायला लागला. घशाला झोंबणारा, कसा तरीच. मागून पडवीतून हाक आली, ‘काय करपलं गं?’

‘भाकरी!’ मी ओरडले आणि खरंच ती करपू दिली. धूर पातळ होण्याची वाट बघत मी उभी राहिले. कुंकू निघतंय, असंच मला वाटत होतं. मग चिमटा आत घातला. चिमट्यात काही येईना. पुन्हा घातला. बरणी खाली उतरवली, उजेडात नेली. आत पाणी होतं, किंचित निळसर, वर मेणाचा एक तवंग. तळ स्वच्छ दिसत होता. टाक नव्हता.

ओरडले नाही मी. रडलेही नाही. बरणीवर झाकण ठेवलं, फडक्यानं बांधली आणि माझ्या कपड्यांच्या मागं लपवली. मग दुसरी भाकरी केली, तिच्या ताटलीत वाढली आणि पडवीच्या उंबऱ्याशी सरकवून आले. ‘डोळं का लाल झाल्यात?’ तिनं विचारलं. मी भिंतीला सांगितलं, धुरानं. त्या दिवशी मला जे वाटलं तसं एकटेपण मी पुढं कधी अनुभवलं नाही, आणि एकटी तर मी जन्मभर राहिले. आई एकदा गेली होती तेव्हा मला समजत नव्हतं. या वेळी मीच तिला घालवलं होतं आणि ते सांगायला जगात माणूस नव्हतं.

सोमवारी बरणी पोटाशी धरून मी शाळेला निघाले. पाणी हिंदकळू नये म्हणून पाऊल जपून टाकत होते. गाडीवाल्यांनी विचारलं, ‘काय नेतीस, तूप?’ मी मान हलवली. ओढ्याच्या दगडांवर पाय सरकला आणि मी गुडघ्यावर आदळले. झाकण सुटलं. बरणी मी सोडली नाही, पण पाव हिस्सा तरी पाणी माझ्या हातावर आणि ओढ्यात सांडलं. हात चुरचुरला. मी तो धुतला आणि तिथंच बसून पहिल्यांदा रडले. ओढ्यातून आई कुठं वाहत गेली असेल याचाच विचार करत होते. पंधरा वर्षांची घोडी, पण विचार तोच.

मास्तर प्रयोगशाळेत एकटेच होते. मी बरणी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं, टाक काय असतो इथपासून. ते कोकणस्थ पुणेकर, त्यांना सवतीचा टाक ठाऊक नव्हता. ऐकताना मधे एकदा त्यांनी चष्मा काढून पुसला. ओरडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, ‘आधी तो हात परत धू, साबणानं.’ मग त्यांनी बरणीतले चार थेंब काचेच्या ताटलीत घेतले आणि त्यात मिठाचं पाणी टाकलं. क्षणात ते पांढरं झालं, दूध फाटतं तसं.

‘बघ,’ ते म्हणाले. ‘आहे. चांदी इथंच आहे.’

‘मग दिसत का नाही?’

‘त्या दिवशीचं खळं आठव. चांदीच्या प्रत्येक अणूचा बाहेरचा एक बैल तेजाबानं सोडवून नेलाय. एक इलेक्ट्रॉन. केंद्र तसंच आहे, सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस, म्हणून ती अजून चांदीच आहे. पण एक कमी झाला की तिचं रूप जातं, ती पाण्यात मोकळी फिरते. तिला आता आयन म्हणायचं. तेवढा एक तिला परत दिला की ती पुन्हा दिसेल.’

‘कोण देणार?’

मास्तरांनी खणातून तांब्याची एक पट्टी काढली. बरणीत बरंच पाणी घालून तेजाब सौम्य केला आणि पट्टी आत सोडली. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. आधी पट्टी काळवंडली. मग तिच्यावर राखाडी लव उगवली, लवेचे तुरे झाले, तुऱ्यांत बारीक चमक आली. पाणी हळूहळू निळं व्हायला लागलं. ‘हे निळं काय?’ मी विचारलं. ‘तांबं,’ मास्तर म्हणाले. ‘आपल्याजवळचे देऊन टाकले ना त्यानं. आता ते पाण्यात चाललंय, चांदीच्या जागी.’ पुढं पस्तीस वर्षं हा प्रयोग मी शेकडो मुलींना करून दाखवला. दर वेळी तो मी खिडकीकडं तोंड करून सांगितला. मुलींना वाटायचं बाईंना वासाचा त्रास होतो.

मंगळवारी चांदी गाळून, धुऊन, वाळवली. कागदावर करड्या भुकटीची एक चिमूट. ती घेऊन मास्तर माझ्याबरोबर सोनाराकडं आले. मुलगी आणि मास्तर बाजारातून चाललेत म्हणून लोकांनी दुकानांतून माना काढल्या. सोनार म्हातारा होता, त्यानंच आईचा टाक केला होता. त्यानं भुकटी तळहातावर घेतली. ‘ह्येची टिकली व्हईल पोरी. टाकाला न्हाई पुरायची.’

‘पण करायचा झाला तर तुम्ही तोच चेहरा काढाल ना?’ मी विचारलं. ‘माझ्या आईचा? तुम्ही पाहिलं होतं ना तिला?’

म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं, मग मास्तरांकडं. त्यानं एक लाकडी पेटी पुढं ओढली. आत पितळेचे ठसे. त्यातला एक त्यानं माझ्या हातात दिला. पदर घेतलेली बाई, दोन डोळे, एक नाक. ‘बाईचा ठसा ह्यो येकच हाय,’ तो म्हणाला. ‘माझ्या बापाच्या हातचा. भोरात जेवड्या पैल्या बायका गेल्या त्या समद्या ह्याच्यावरच निगाल्यात. त्वांड कुनाचं काढतो बाय आमी?’

म्हणजे कुंकवाखाली कुणीच नव्हतं. मी चांदी विरघळवली ती कुणालाच बघायला नव्हे. मास्तर बाजाराच्या टोकापर्यंत माझ्याबरोबर आले आणि शाळेकडं वळले. पुढची दीड तासाची वाट मी कशी चालले ते मला आठवत नाही.

घरी पोचले तोवर हाताला ऊन लागून लागून माझी बोटं आणि मनगट काळं झालं होतं. चांदीचं पाणी सांडलं की असं होतं, धुऊन जात नाही. ती पडवीत बसली होती. मी तिच्यापुढं पाणी ठेवायला वाकले आणि तिनं हात बघितला. ‘ह्ये काय? भाजलंस?’ आणि विटाळ-बिटाळ विसरून तिनं माझं मनगटच धरलं. सहा वर्षांत तिनं मला हात लावला नव्हता, की मीच लावू दिला नव्हता. मला हुंदकाच फुटला. सगळं सांगितलं. शेवटी फडक्यातली चिमूट तिच्यासमोर ठेवली. ‘एवढीच राहिली.’

तिचा दुसरा हात आपोआप गळ्याशी गेला. टाक नव्हता तिथं. चेहरा पांढरा पडला तिचा, आणि मला वाटलं आता मारणार. मारायलाच हवं होतं. ती म्हणाली, ‘आरं द्येवा. आन् आता परवा म्या काय घालू?’ मग म्हणाली, ‘लई रागावली आसंल का गं ती?’

‘ती नव्हतीच त्यात,’ मी म्हटलं. ‘सोनाराकडं एकच ठसा आहे. सगळ्या बायकांना तोच. चेहरा तिचा नव्हताच.’

‘मग त्यात काय?’ ती म्हणाली. ‘मला कुठं ठावं हुतं तिचं त्वांड? म्या तुझंच त्वांड बगायची आन् तिला कुकू लावायची. रोज सकाळी तू येनी घालीत बसलेली आसतीस न्हवं, तवा.’

हे सगळं तिनं चुलीला न सांगता मला सांगितलं होतं. तिनं मला आत पिटाळलं, ‘माझ्या गठुड्यात बग, तळाला लाल चिंदी हाय.’ चिंदीत चांदीचा एक वाळा होता, तान्ह्या मुलाच्या पायातला. ‘माझाच हाय. लहानपनचा. आयनं दिला हुता, तुज्या लेकराला घाल म्हनून.’ तो तिनं बोटात फिरवून बघितला. ‘हितं पडून काय करायचंय त्यानं? ह्याच्यात मिसळ म्हनावं सोनाराला. व्हतंय का बग.’

‘नको,’ मी म्हटलं. ‘तुला लागेल तो. मावशी, नको.’

तोंडातून निघून गेलं. तिनं ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, पण नाक ओढलं. ‘लागंल तवा लागंल. जा ठिव दप्तरात. आन् भाकरी करपवू नगंस आज.’

बुधवारी सोनारानं दोन्ही चांदी एका मुशीत वितळवली, पत्रा ठोकला आणि त्याच ठशावर टाक काढला. गुरुवारी मावशी न्हाली आणि तो तिनं गळ्यात बांधला. इतका लख्ख की लपवणं शक्य नव्हतं. संध्याकाळी दादा जेवायला बसले, त्यांनी टाकाकडं बघितलं, मग माझ्या काळ्या हाताकडं. त्यांनी घास खाली ठेवला. म्हणाले, ‘तवाच म्हनलं हुतं म्या त्या सोनाराला. हनवटीवर गोंदलेलं हाय तिच्या, तीन ठिपकं, तेवडं काढ. ठसा येकच हाय म्हनला.’ आणि परत जेवायला लागले. आईविषयी त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे माझ्या आयुष्यातलं पहिलं वाक्य, आणि जवळजवळ शेवटचं.

मावशी उठली. गोधडीची मोठी सुई आणि वरवंटा घेऊन आली. गळ्यातला टाक काढून तिनं पाटावर ठेवला. ‘कुठं? उजवीकडं का मदी?’ तिनं विचारलं. दादांनी आपल्याच हनुवटीवर बोट ठेवून दाखवलं. तिनं सुई धरली आणि तीन ठोके मारले. जरासे वाकडे आले. मग मेणाचं बोट लावलं आणि त्यावर कुंकू.

दादा गेले. मी पुण्यात शिकले, शिकवू लागले, मावशीला आणलं आणि आम्ही दोघी तीस वर्षं एका घरात भांडत राहिलो. मी लग्न केलं नाही, त्याची कारणं इथं नाहीत, शोधू नका. मावशीला मूल झालं नाही. कॉलेजात असताना मी तिला एक गोष्ट सांगितली होती, की चांदीचेही आयसोटोप असतात, दोन, एक हलका आणि एक जड, आणि कुठलाही चांदीचा तुकडा घ्या, त्यात दोघं जवळजवळ निम्मे निम्मे असतात. सहजासहजी वेगळे काढता येत नाहीत. ‘मंग?’ ती म्हणाली होती. ‘त्यात काय शिकायचं? आमच्या टाकात न्हाईत व्हय दोगी?’ शेवटच्या आजारात तिला एकच घोर होता. ‘माझा टाक कोन घालनार गं? माज्यामागं सवत न्हाई कुनी.’ मी म्हटलं, ‘हाच घालीन. यात तुझा वाळा आहे.’ ‘लेकी सवतीचा टाक घालत्यात व्हय कुटं?’ म्हणून ती हसली, आणि मग गळ्यातून काढून माझ्या हातात दिला.

तेव्हापासून तो माझ्या गळ्यात आहे. कामाला येणारी बाई विचारते, आजी, हा कुठला देव? मी म्हणते, आहे एक. रोज सकाळी अंघोळ झाली की आधी टाकाला कुंकू लावते, दोघींना मिळून एकच बोट, आणि मग चहा टाकते. मेणाकुंकवानं चेहरा पुन्हा भरून गेलाय. पदराचा काठ तेवढा ओळखू येतो. मी तो साफ करत नाही. मावशीनं मारलेले ते तीन ठोके पत्र्याच्या मागच्या बाजूला वर आलेत, आणि कुशीवर वळले की छातीला टोचतात.